हेरिंगच्या राणीचं गाव

आयमाउथच्या जुलैतल्या जत्रेची आठवण निघाली, की आधी डोळ्यांपुढे येतं ते बंदराचं अरुंद तोंड. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं, इंग्लंडच्या सीमेपासून हाकेच्या अंतरावरचं हे कोळ्यांचं गाव. हायस्कूलमधल्या एका मुलीला हेरिंगची, म्हणजे त्या नावाच्या माशाची, राणी निवडायचं आणि जवळच्या सेंट अ‍ॅब्स गावाहून समुद्रमार्गे वाजतगाजत आणायचं, ही रीत 1939 पासूनची. त्याआधी कोळ्यांची वार्षिक सहल असे. पताका लावलेल्या मासेमारीच्या बोटी एकामागून एक आत शिरू लागल्या, की धक्क्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही.

याच तोंडाशी 14 ऑक्टोबर 1881च्या वादळात कित्येक बोटी घरच्यांच्या देखत खडकांवर फुटल्या. या किनारपट्टीवरच्या गावांतले 189 कोळी गेले, त्यातले 129 एकट्या आयमाउथचे. म्हणून राणीची बोट सुखरूप आत येते तेव्हाचा जल्लोष काही वेगळाच असतो.

राणीच्या नावातला मासा आपल्या तारलीच्या नात्यातला, तेलकट, लवकर नासणारा. त्यामुळे बोट लागली की बायकांची घाई. तिघींची टोळी: दोघी साफ करणार, तिसरी ते मिठात घालून पिंप भरणार. आखूड सुरी गळ्याशी घालून एक हिसका दिला, की कल्ले नि आतडं एकदम बाहेर. त्याच हाताने लहान-मोठा मासा वेगवेगळ्या टोपात. सराईत बाई मिनिटाला 40 ते 60 मासे उरकायची. बोटांना सुती चिंध्या घट्ट बांधलेल्या, कारण सुरी लागली तर मीठ जखमेत शिरून ती चिघळायची.

खरं कसब पिंप भरणारीचं. मासे पोट वर करून दाटीने लावायचे, थरावर मीठ, पुढचा थर आडवा. आठ-दहा दिवसांत मासा दबून पिंप रिकामं दिसू लागतं. तेव्हा खारं पाणी काढून घ्यायचं, त्या पिंपातल्यांच्याच दिवशी खारवलेले दुसरे मासे वर भरायचे, झाकण ठोकायचं आणि तेच पाणी बुचाच्या भोकातून परत ओतायचं. पिंप झिरपलं की संपलं! उघड्या पडलेल्या माशाची चरबी पिवळी पडते, खवट होते. म्हणून पिंप बनवणाऱ्या कारागिराला मोठा मान.

हेरिंगचे दिवस सरले. आता बोटी खेकडे, शेवंड, कोळंबीसाठी जातात. राणी मात्र हेरिंगचीच.