वायरिंगच्या पाइपातला सा

भाचीला सातवीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी ‘ध्वनी’ हा विषय मिळाला. काड्यापेट्यांना दोरा बांधून टेलिफोन करावा आणि सुटावं, असं घरात सगळ्यांचं मत. मला मात्र सुरात वाजणारं काहीतरी हवं होतं. आवाज काय, डबा आपटला तरी येतो.

इलेक्ट्रिकच्या दुकानातून वायरिंगचा 20 मिलिमीटरचा पाइप आणला. एका बाजूने बंद असलेल्या नळीच्या काठावर फुंकर मारली की आतली हवा कंप पावते, आणि सुराची तरंगलांबी नळीच्या साधारण चौपट असते. आमच्याकडे उन्हाळा, हवा तीस अंश सेल्सिअसची. अशा हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 349 मीटर. पेटीवरच्या पांढरी एकचा वरचा सा आमचा सा म्हणून धरला, 523 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 523 कंपनं. वेगाला 523 ने भागून चौथा हिस्सा घेतला, नळीची लांबी आली 16.7 सेंटिमीटर. पुढचं भाचीने केलं. पंचमाची कंपनं दीडपट, म्हणून नळी 11.1. तार सा, म्हणजे त्याच्या पुढच्या सप्तकातला सा, दुप्पट, म्हणून निम्मी, 8.35.

हॅक्सॉने तुकडे कापले, पॉलिश पेपरने कडा घासल्या, बुडाला मुलांची क्ले दाबून बसवली. तानपुऱ्याचं ॲप लावून वाजवलं, तर सगळेच सूर उतरलेले, आणि गंमत म्हणजे सारखे उतरलेले नव्हेत. खालचा सा थोडाच खाली. तार सा मात्र नी आणि सा यांच्यामध्ये लोंबकळत होता.

कारण असं, की कंप पावणारी हवा नळीच्या तोंडाशी थांबत नाही, थोडी बाहेरही जाते. व्यासाच्या तीन दशांशाइतकी, म्हणजे इथे जवळपास अर्धा सेंटिमीटर. नळी लांब असो की आखूड, ही भर तेवढीच. मोठ्या नळीत ती 3 टक्के, निम्म्या नळीत 6. शिवाय ओठाने नळीचं तोंड जितकं झाकलं जाईल तितका सूर आणखी उतरतो, त्याला सूत्र नाही. तिथे कानच लागतो.

मग आम्ही पेन्सिलीने क्ले आत सरकवत गेलो. हवेचा खांब आखूड झाला की सूर चढतो. धैवताने बराच वेळ छळलं, पंचम मात्र लगेच तानपुऱ्यात मिसळला.

एकदा भाचीने सा च्या नळीत जोरात फुंकलं आणि भलताच सूर निघाला. ‘मावशी, हा तर वरचा प!’ खरंच होता. बंद नळीत मूळ कंपनांच्या तिप्पट, पाचपट असे विषम पटीतलेच सूर येतात. दुप्पट, म्हणजे तार सा, येतच नाही. बासरी दोन्हीकडून उघडी असल्यासारखी वागते, म्हणून तिच्यात जोर लावला की तार सा मिळतो.

टेबलाच्या कोपऱ्यात काचेची एक बाटलीही ठेवली होती, अर्धी पाण्याने भरलेली. पाणी वाढवून चमच्याने टिचकी मारली की सूर उतरतो, जलतरंगासारखा. तोंडावर फुंकलं तर चढतो. टिचकीने काच आणि पाणी हलतं, पाणी वाढलं की हलवायचं वजन वाढतं. फुंकरीने हलते वरची हवा, आणि ती कमी झालेली असते. नळ्या बघून लोक छान म्हणून पुढे जात. बाटलीपाशी मात्र आधी पैज लावत, मग वाद घालत.