ग्रिलवरचा जिताडा: तळणाला सुट्टी देताना

सासऱ्यांच्या रिपोर्टात कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं आणि डॉक्टरांनी तळण बंद करायला सांगितलं. मासे सोडा असं ते म्हणाले नव्हते, पण आमचं सासर पेणचं, खारेपाटातलं, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातलं. तिथे जिताडा हा खाडीतला मोठा मासा म्हटला की त्याला लाल मसाला, वरून रवा आणि तांदळाचं पीठ आणि तव्यात सढळ तेल. वाफवलेला मासा बाबांनी दोन घास खाल्ला आणि ताट बाजूला सारलं. "हा आजाऱ्याचा मासा झाला," म्हणाले. मला ते पटलं. पथ्याचं अन्न बेचव असलं की पथ्य फार दिवस टिकत नाही. वरून खरपूस, आतून रसाळ आणि तेल मात्र चमचाभर, असा मासा हवा होता. म्हणून ग्रिल शिकायचं ठरवलं.

मासा जिताडाच घेतला, कारण तो ग्रिलला फार चांगला. मांस पांढरं, घट्ट, चव सौम्य आणि कातडी चांगली जाड. ती कुरकुरीत होते आणि फिलेटला, म्हणजे मधल्या काट्यापासून सोडवलेल्या सलग तुकड्याला, धरूनही ठेवते. शिवाय खारेपाटात लोक घराजवळच्या तळ्यांत जिताडा पाळतात, त्यामुळे १ जून ते ३१ जुलै समुद्रातली मासेमारी बंद असतानाही तो मिळू शकतो. तळ्यातल्या माशाला कधीकधी मातकट वास असतो. थोडं कोकमाचं आगळ चोळून लगेच धुतलं की तो बराच कमी होतो.

आमच्याकडे मासा आडवा कापून तुकड्या करायची पद्धत. फिलेटसाठी मधल्या काट्यालगत उभा काप घ्यावा लागतो. बाजारातल्या मावशींना सांगितलं तर त्यांनी आधी बजावलं, "बोनलेस करून देते, पण डोकं नि काटा सोडून जाऊ नकोस, त्यातच खरी चव हाय." अगदी बरोबर. दोन किलोच्या जिताड्यातून फिलेट किलोभराच्या आतच निघतात. उरलेल्याचं कालवण नाही केलं तर पैसे आणि मासा दोन्ही वाया. कातडी ठेवायची, पण खवले नीट काढून. घरी आणल्यावर फिलेटवरून बोट उलट्या दिशेने फिरवायचं. मधोमध रांगेत बारीक काटे लागतात, ते चिमट्याने काट्याच्याच दिशेने ओढून काढायचे. सरळ वर ओढले तर मांस फाटतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम: मासा कोरडा करणं. माशावर पाणी असेल तोवर त्याचा पृष्ठभाग १०० अंशांच्या वर फारसा जातच नाही आणि खरपूस रंग तर साधारण १४० अंशांच्या पुढे येतो. म्हणजे ओला मासा पॅनवर नुसता वाफवला जातो, आणि आम्हाला तर त्या वाफेतूनच सुटका हवी होती. फिलेटला दोन्ही बाजूंनी मीठ लावून मी वीसेक मिनिटं फ्रिजमध्ये ठेवते. वर पाण्याचे थेंब जमतात, मांस किंचित ताठ होतं. मग जुन्या सुती पंच्याने टिपायचं, कातडीची बाजू तर दोनदा. बोट फिरवल्यावर ते ओलं झालं नाही पाहिजे.

मसाल्याच्या बाबतीत सवय बदलावी लागते. लसणाचं वाटण आणि लाल तिखट थेट तापलेल्या लोखंडावर पडलं की मासा शिजायच्या आत करपतं आणि सगळ्या माशाला कडवटपणा येतो. तळताना रव्याचं कवच ते सांभाळून घेतं, ग्रिलवर ते काम करायला कोणी नसतं. म्हणून आधी फक्त हळद, मिरपूड आणि तेलाचा हात. आगळ किंवा लिंबू तर मी आधी लावतच नाही. आंबटात बराच वेळ ठेवला की मासा विस्तवाशिवायच पांढरा पडतो आणि नंतर चावायला भुसभुशीत लागतो. कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं, लसूण यांचं हिरवं वाटण वेगळं परतून ठेवते आणि मासा खाली उतरला की गरम असतानाच वरून लावते. आगळाचे चार थेंबही तेव्हाच. सगळ्या चवी ताज्या लागतात आणि माशाची चव मसाल्याखाली दबत नाही.

पॅन बिडाचा, उभ्या रेघांचा. रिकामाच मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं तापवायचा. तेल पॅनमध्ये ओतायचं नाही, माशाला लावायचं; पॅनमध्ये ते रेघांच्या मधल्या खाचांत साचतं आणि नुसता धूर करतं. कातडीची बाजू खाली ठेवायची. ती लगेच आकसते आणि फिलेटची कमान होते, तेव्हा उलथण्याने अर्धा मिनिट हलकेच दाबून धरायचं. शेपटीकडचं टोक पातळ असतं, ते आधीच खाली दुमडून घेतलं की जाडी सारखी होते.

त्यानंतर हात बांधून उभं राहायचं. मासा सुरुवातीला लोखंडाला चिकटतोच, पण कातडी नीट भाजली गेली की आपोआप सुटायला लागतो. उलथणं कडेने सारून बघायचं. ओढ लागली तर अजून वेळ आहे. इंचभर जाडीला एकूण दहा मिनिटांच्या आसपास लागतात, त्यातली सहा-सात कातडीवरच. कडेने बघितलं तर काचेसारखं दिसणारं मांस खालून वर दुधी होत जातं. ते दोन तृतीयांश चढलं की एकदाच उलटायचं. सुरीचं टोक सगळ्यात जाड भागात घालून किंचित फिरवलं आणि पापुद्रे ओलसर राहून सुटे झाले, की झालं. थर्मामीटर असेल तर आत ६३ अंश पुरेत. पांढऱ्या माशात चरबी कमी, त्यामुळे पुढची दोन मिनिटंसुद्धा त्याला कोरडं करून टाकतात.

पेणला गेलो की अंगणात कोळशाची शेगडी. तिथे दुहेरी जाळी घेते, म्हणजे मासा न मोडता उलटतो. कोळशाला ज्वाळा असताना घाई करायची नाही, सगळीकडून पांढुरकी राख चढू द्यायची. तळहात जाळीच्या जरा वर धरला आणि तीन-चार सेकंदांत काढावासा वाटला, की आच बरोबर. तो धुराचा वास पॅनला कधीच येणार नाही, हे मान्यच. पण शहरात बंद खोलीत किंवा काचा लावलेल्या बाल्कनीत कोळसा पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

बाजारातला गोठवलेला बासा मासा वापरायचा असेल तर तो फ्रिजमध्ये रात्रभर सावकाश सुटू द्या. त्यात पाणी खूप असतं, कातडी नसते आणि मांस मऊ, त्यामुळे उघड्या जाळीवर तो तुटतो. तेल लावलेल्या केळीच्या पानावर ठेवला तर टिकतो, पानाचा छान वासही लागतो. खरपूसपणा मात्र जिताड्याचा नाही.

बाबांनी पहिल्यांदा ग्रिलचा जिताडा खाल्ला तेव्हा कातडी आधी वेगळी करून खाल्ली आणि म्हणाले, "रवा लावलायस ना?" नव्हता लावला. आता बुधवार-शुक्रवार ताटात फिलेट, तांदळाची भाकरी आणि डोक्याच्या कालवणाची वाटी असते. फिलेट उरला तर परत तापवत नाही, कडक होतो. कुस्करून त्यात कांदा, ओलं खोबरं, हिरवी मिरची आणि लिंबू घालते. ते बाबा गरम भाकरीशी खातात, आणि त्यासाठी मी मुद्दाम एक फिलेट जास्त भाजते.