टायर किती चालले, हा प्रश्नच अर्धा आहे

टायरचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, "किती चालले?" मग कोणी चाळीस हजार सांगतं, कोणी छातीठोकपणे सत्तर सांगतं, आणि ज्याचे पंचविसातच गेले तो कंपनीच्या नावाने खडे फोडत बसतो. साध्या हॅचबॅकचे टायर नीट वापरले तर साधारण 40 ते 50 हजार किलोमीटर जातात हे खरंय, पण तीच गाडी आणि तोच टायर, एक जण बडोद्यात कारेलीबागेत झाडाखाली लावतो आणि दुसरा मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत दिवसभर उन्हात, एक जण दर पंधरवड्याला हवा बघतो आणि दुसऱ्याची हवा सर्व्हिसिंगला गाडी गेली तेव्हाच काय ती बघितली जाते, मग दोघांचा आकडा एक कसा येणार? गाडी कशी वापरली जातेय ते आधी विचारा, किलोमीटर नंतर.

मी आमच्या मांजलपूरच्या सोसायटीत पार्किंगमधून जाताना सगळ्यांचे टायर बघत जाते. डिझायर, वॅगनार, बलेनो, नेक्सॉन, आपल्या बडोद्यात दिसतात त्याच सगळ्या गाड्या. मधला पट्टा गुळगुळीत आणि कडांची नक्षी शाबूत असेल तर हवा कायम जास्त भरली जातेय. दोन्ही कडा घासलेल्या आणि मध्ये नक्षी शिल्लक असेल तर हवा कमी, आणि मला जास्त करून हेच दिसतं. फक्त आतली कड खाल्लेली असेल तर अलाइनमेंट गेलंय, म्हणजे चाकांची दिशा बिघडलीये, आणि गंमत म्हणजे ही आतली कड गाडी सरळ उभी असताना दिसतच नाही, स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून वाकून बघावी लागते, त्यामुळे बाहेरून टायर झकास आणि आतून तारा दिसायला लागल्यात असं सर्रास होतं. अजून एक करून बघा, तळवा नक्षीवरून आडवा फिरवा, आधी आतून बाहेर आणि मग उलटा. एका बाजूने मऊ लागला आणि उलटा फिरवताना बोटांना टोचला तर चाकं सरळ चालत नाहीयेत, घासत चाललीयेत. आणि नक्षीत जागोजागी खळगे पडले असतील तर शॉकअप बघून घ्या, तिथे नवीन टायर टाकून काही उपयोग नाही, तेही तसेच होणार.

टायर संपला कधी म्हणायचं, हे तर टायरवरच दिलेलं असतं. खाचांच्या तळाशी बारीक उंचवटे असतात, 1.6 मिलिमीटरचे. नव्या टायरची खाच सात-आठ मिलिमीटर खोल असते, ती घासत घासत उंचवट्याच्या लेव्हलला आली की टायर संपला. पण माझं मत असं की पावसाळ्याच्या तोंडावर 3 मिलिमीटर राहिलेत म्हणून अजून एक सीझन काढू नये, कारण रस्त्यावरचं पाणी बाहेर फेकायचं काम त्या खाचाच करतात, आणि खाच उथळ झाली की गाडी पाण्यावर तरंगायला लागते, ब्रेक दाबून उपयोग होत नाही.

आता हवेचं, कारण आपल्या भागात सगळ्यात जास्त टायर हवेपायीच जातात. मे महिन्यात बडोद्यात 42-43 डिग्री म्हणजे नेहमीचंच, आणि तेव्हा हमखास कोणीतरी सल्ला देतं की उन्हाळ्यात हवा थोडी कमी भरा म्हणजे टायर फुटणार नाही. हे साफ चुकीचं आहे, आणि ह्याच समजुतीने टायर फुटतात. हवा कमी असली की टायर प्रत्येक फेरीत जास्त चेपतो आणि परत फुलतो, मिनिटाला शेकडो वेळा, आणि त्या चेपण्या-फुलण्यातून आतल्या आत उष्णता तयार होते. वरून रस्ता तापलेला, गाडीत पाच जण आणि सामान, स्पीड शंभर, मग आतले तारांचे पट्टे रबरापासून सुटायला लागतात आणि एका क्षणी सगळं चिंध्या होऊन बाहेर येतं. अहमदाबादचा एक्सप्रेस वे 93 किलोमीटरचा, त्यावर न थांबता एका स्पीडने जायचं म्हणजे टायरची खरी परीक्षा, शहरातल्या शहरात कमी हवेवर महिनाभर निभावलेली गाडी तिथे अर्ध्या तासात दगा देते. नागपूर-मुंबई समृद्धी सुरू झाल्यावर टायर फुटून अपघात व्हायला लागले तेव्हा 2023 मध्ये आरटीओने टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली होती, ते मला फार पटलं होतं, असं सगळीकडेच व्हायला पाहिजे.

हवा किती, हे ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की चौकटीवर स्टिकर असतो त्यावर लिहिलेलं असतं, पुढच्या आणि मागच्या चाकांचं वेगळं, दोन माणसांचं आणि भरलेल्या गाडीचं पण वेगळं. तो आकडा गार टायरचा आहे, म्हणजे गाडी रात्रभर उभी होती आणि सकाळी बघितलं तेव्हाचा. तापमान पाच-सहा डिग्री वाढलं की हवा साधारण एक पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) वाढते, त्यामुळे सकाळी 32 असलेला टायर दुपारी गाडी चालवून आल्यावर 36 दाखवला तर घाबरून हवा सोडायची नाही, कंपनीने ते धरूनच आकडा दिलेला असतो. आणि आपण काय करतो, संध्याकाळी ऑफिसातून येता येता पंपावर थांबतो, तो पोरगा विचारतो "बेन, केटली भरुं?" आणि आपण म्हणतो "पांत्रीस", म्हणजे पस्तीस. कुठल्याही गाडीला, कुठल्याही चाकाला पांत्रीस. टायर तापलेला, मशीनचा काटा कधी तपासला होता देव जाणे, आणि सकाळी गार झाल्यावर बघावं तर तीस सुद्धा नाही. छोटा कॉम्प्रेसर मिळतो, गाडीतल्या चार्जिंगच्या सॉकेटवर चालणारा, तो घ्या आणि सकाळी घरीच हवा बघा, एका टायरच्या किमतीपेक्षा कमीच पडतो. नायट्रोजनसाठी मात्र जास्तीचे पैसे देऊ नका, साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो.

सीएनजीवाल्यांनी तर हवेकडे जास्तच बघायला हवं आणि गुजरातेत सीएनजी किती आहे हे सांगायला नको, पंपावरच्या रांगाच सांगतात. डिकीत सिलिंडर म्हणजे मागच्या ॲक्सलवर कायमचं वजन बसलेलं, त्यात मागे तीन माणसं बसली की झालं. सीएनजी मॉडेलचा स्टिकर वाचा, पेट्रोलवाल्या शेजाऱ्याचा आकडा आपल्या गाडीला चालवू नका. आणि बाहेरून किट बसवून घेतलं असेल तर स्टिकर जुनाच असतो, तेव्हा मागच्या चाकांना भरलेल्या गाडीचा आकडा धरलेला बरा.

पावसाळ्यानंतरचे खड्डे हा वेगळाच विषय. टायरच्या कडेवर, म्हणजे बाजूच्या उभ्या भिंतीवर, 165/80 आर14 असं लिहिलेलं असतं, त्यातले 165 म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, 80 म्हणजे रुंदीच्या किती टक्के कडेची उंची, आणि 14 म्हणजे रिमचे इंच. डिझायरच्या खालच्या मॉडेलला हा साइज येतो, म्हणजे कड 132 मिलिमीटरची. बलेनोच्या वरच्या मॉडेलला 195/55 आर16, दिसायला रुबाबदार, वळणावर पकड चांगली, पण कड फक्त 107. खड्ड्यात आदळल्यावर तो दणका सोसायला तेवढंच रबर. मग कडेच्या आतले धागे तुटतात आणि टायरला फुगा येतो. फुगा आलेल्या टायरला काही इलाज नाही, ना पॅच ना प्लग, तो फुटणारच, फक्त कधी ते माहीत नाही. आमच्याकडे एकाने स्टीलचे 14 काढून 16 चे अलॉय बसवले, एकाच पावसाळ्यात दोन टायर आणि एक रिम गेलं. ज्यांना गाडी फक्त चालवायची आहे त्यांनी कंपनीने दिलेला साइज सोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री 37 फुटांवर गेली तेव्हा अकोटा, समा, फतेगंज, कितीतरी भागात गाड्या पाण्यात उभ्या होत्या. लोकांनी इंजिन, सीट, वायरिंग सगळं केलं, आणि मग महिन्याभराने म्हणायला लागले की ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरतं. आमचे टायरवाले अण्णा आहेत, केरळचे, त्यांनी एक चाक उतरवून आतली बाजू वर करून दाखवली, रिमच्या आतल्या पन्हाळीत एकाच बाजूला नदीचा गाळ वाळून दगड झालेला. स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढला तर मूठभर निघाला. बॅलन्सिंगला, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं करायला, आपण वीस-तीस ग्रॅमचं वजन चिकटवतो आणि इथे मूठभर गाळ, थरथरणार नाही तर काय. पुराच्या पाण्यातून गाडी गेली असेल तर चारही चाकं उतरवून आतून धुऊन घ्या, मगच बॅलन्सिंग करा.

आणि आता ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं ते. बडोद्यात अशी घरं गल्लोगल्ली आहेत की मुलं कॅनडात नाहीतर अमेरिकेत, आणि इथे आई-वडील आणि एक गाडी. गाडी आठवड्यातून एकदा भाजीला, एकदा देवळात, कधी स्टेशनला. माझ्या काकांची वॅगनार तशीच, दांडिया बाजारात घराबाहेर उघड्यावर उभी असते. ते लग्नासाठी सुरतेला गाडी घेऊन निघणार होते म्हणून मी टायर बघितले. कडेवर मोबाइलचा टॉर्च मारला तर बारीक बारीक चिरा, रिमच्या बाजूला जास्त, आणि छोट्या लांबट चौकटीत चार आकडे, 3617. म्हणजे 2017 सालच्या छत्तिसाव्या आठवड्यात बनलेला टायर.

मी म्हटलं, "काका, हे बदलायला लागतील."

"अगं नक्षी बघ की, नव्यासारखी आहे. वीस हजार पण झाले नसतील."

"नक्षी आहे हो, पण रबर म्हातारं झालंय. नख लावून बघा."

काका आयपीसीएल ह्या इथल्या पेट्रोकेमिकल कंपनीतून रिटायर झालेले. आणि टायरमध्ये झाडाच्या रबराबरोबर जे पॉलिब्युटाडाइन रबर लागतं ते तिथेच बनायचं, आता रिलायन्सकडे आहे तो प्लांट. त्यांनी खाली बसून नख लावलं, अंगठ्याने कड दाबून चिरा उघडून बघितल्या, आणि मग मलाच समजावून सांगितलं, इतकं छान की इथे लिहितेच. रबराला हवेतला ओझोन चिरा पाडतो. म्हणून टायर बनवताना त्यात मेण आणि ओझोनपासून वाचवणारी रसायनं घालतात. टायर फिरतो, चेपतो, फुलतो, तेव्हा ती हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात आणि त्यांचा थर रबराला सांभाळतो. गाडी उभीच राहिली की ती वर येणं मंदावतं, वरचा थर उन्हाने आणि धुण्याने जातो, नवा येत नाही, आणि कड उघडी पडते. म्हणजे कमी चालवलेल्या गाडीचा टायर जास्त टिकतो हे आपण धरून चालतो ते नक्षीपुरतंच खरं. पाच वर्षं झाली की दरवर्षी नीट तपासायचा, आणि आपल्या उन्हात सहा-सात वर्षांपुढे ओढायचा नाही, नक्षी कितीही असू दे. काकांनी सुरतेला जायच्या आधी चारही बदलले.

नवीन घेताना पण ते चार आकडे आधी वाचायचे. लिमड्याला अपोलोचा कारखाना, हालोलला सिएटचा, टायर आपल्या दारात बनतात आणि तरी दुकानात वर्ष-दीड वर्ष पडून राहिलेला माल गळ्यात मारला जातो, तो का घ्यायचा? सहा महिन्यांच्या आतला मागा, नसेल तर दोन दिवस थांबतो म्हणून सांगा. आणि दोनच टायर बदलणार असाल तर नवे मागे टाका. दुकानदार पुढे टाकायला बघेल, कारण आपल्या बहुतेक गाड्यांचे पुढचेच आधी घासतात, पण ओल्या रस्त्यावर पुढचे सरकले तर आपल्याला स्टेअरिंगवर कळतं आणि पाय काढून सावरता येतं, मागचे सरकले तर गाडी गोल फिरते.

इलेक्ट्रिकवाल्यांचं थोडक्यात. हालोलला बनणारी एमजीची कॉमेट आता आमच्या गल्लीतही दिसते, 12 इंची छोटी चाकं, आणि ताकद मागच्या चाकांना, त्यामुळे तिचे मागचे आधी घासतात हे लक्षात ठेवा. नेक्सॉन ईव्हीसारख्या गाड्यांना बॅटरीचं वजन असतं आणि सिग्नलला पाय दिला की झटक्यात ताकद मिळते, टायर पेट्रोलच्या मानाने लवकर जाणारच, पाय हलका ठेवला तर फरक पडतो.

राहता राहिली स्टेपनी. 2020 मध्ये नियम बदलला, हवेचा सेन्सर आणि पंक्चरचं किट दिलं असेल तर कंपनीने स्टेपनी दिलीच पाहिजे असं नाही, त्यामुळे नवी गाडी घेताना डिकी उघडून बघा आहे का. आणि असेल तर तिचंही वय वाढतंय, न वापरता पण. मी तिच्यात चार-पाच पीएसआय जास्तच ठेवते कारण ती महिनोन्महिने कोणी बघत नाही, आणि सीएनजी गाडीत ती सिलिंडरजवळ अशी अडकवलेली असते की एकदा घरी, उजेडात, सावकाश काढून बघितलेली बरी, जॅक आणि पाना आहे की नाही तेही त्याच वेळी कळतं.