स्थितीचा रकाना

गेल्या पावसाळ्यातील एका शनिवारी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वडीलजनांची (कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांची) सभा साडेतीन तास चालली आणि त्या सभेपुढे विषय एकच होता. मंडळीतील एक घटस्फोटित भगिनी एका विधुर बंधूशी लग्न करू इच्छीत होती, आणि ते लग्न आमच्या प्रार्थनामंदिरात, प्रभूच्या नावाने लावावे अशी दोघांची विनंती होती. अहिल्यानगर जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी असलेल्या या मंडळीत मी बारा वर्षे पाळक (पास्टर) आहे. त्यापूर्वीची चौदा वर्षे दुसऱ्या दोन मंडळ्यांत गेली. या सगळ्या काळात मी कितीतरी लग्ने लावली, पण एका लग्नाच्या नोटिशीपूर्वी इतका वेळ बायबल उघडे ठेवून बसण्याची वेळ माझ्यावर प्रथमच आली होती.

ही भगिनी परिचारिका आहे. गावातील लोक तिला सिस्टर म्हणूनच ओळखतात. लग्नाच्या सहाव्या वर्षी तिचा नवरा घर सोडून गेला. तो बाप्तिस्मा घेतलेला, आमच्याच संडेस्कूलमध्ये वाढलेला. तो कोठे राहतो हे सर्वांना ठाऊक होते, पण तो परत आला नाही आणि मुलीच्या शाळेच्या फीसाठीही त्याने कधी पैसे पाठवले नाहीत. दुसऱ्या बाईशी त्याचा संबंध असल्याचा पुरावा मात्र कोणाजवळ नव्हता. माझ्या मते प्रकरण अवघड झाले ते नेमके याच ठिकाणी. त्याने दुसरा संसार थाटला असता, तर मत्तयाच्या शुभवर्तमानातील एकोणिसाव्या अध्यायात प्रभू येशूने बायको टाकण्यास मनाई करताना ठेवलेला ‘जारकर्माच्या कारणावाचून’, म्हणजे व्यभिचार सोडून, हा अपवाद वाचून सभा अर्ध्या तासात संपली असती.

दहा वर्षे वाट पाहून तिने जिल्हा न्यायालयात परित्यागाच्या कारणावरून अर्ज केला. नवरा हजर झाला नाही, एकतर्फी हुकूमनामा झाला, अपिलाची मुदत संपली. कायद्याच्या दृष्टीने ती पुन्हा लग्न करण्यास मोकळी होती. परंतु आमचे सर्वांत ज्येष्ठ वडीलजन, ज्यांना सर्वजण काका म्हणतात, त्यांनी सभेच्या आरंभीच विचारले, “पाळकसाहेब, कोर्टाने सोडले म्हणजे देवाने सोडले का?” प्रश्न रास्त होता, आणि त्याला उत्तर न देता पुढे जाणे मला योग्य वाटले नसते.

काकांनी लूकच्या शुभवर्तमानातील सोळाव्या अध्यायाचे अठरावे वचन काढले होते. तेथे अपवाद नाही. टाकलेल्या स्त्रीशी जो लग्न करतो तोही व्यभिचार करतो, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. मार्कच्या दहाव्या अध्यायातही अपवाद नाही. अपवाद मत्तयात, पाचव्या आणि एकोणिसाव्या अध्यायांत आहे. काकांचे म्हणणे असे की, दोन शुभवर्तमाने निरपवाद बोलत असताना तिसऱ्यातील एका शब्दाची खिडकी करून तिच्यातून माणसे बाहेर काढणे धोक्याचे आहे. रोमन कॅथोलिक मंडळीने बाप्तिस्मा झालेल्या दोघांचा पूर्ण झालेला विवाह अविच्छेद्य मानला आहे, त्यामागेही हीच गंभीरता आहे, आणि त्या गंभीरतेविषयी माझ्या मनात आदर आहे.

मी सभेला विनंती केली की, प्रभूने काय उत्तर दिले हे पाहण्याआधी त्याला काय विचारले होते ते पाहावे. परूश्यांनी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांनी, विचारले होते, कोणत्याही कारणावरून बायको टाकणे योग्य आहे काय. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात मोशेने सूटपत्राविषयी, म्हणजे घटस्फोटाच्या लेखाविषयी, जे सांगितले त्यातील ‘काही अनुचित गोष्ट’ या शब्दांवर त्या काळी दोन गुरूंच्या शाळांत वाद होता. शम्मायची शाळा त्याचा अर्थ अनीती असा घेई. हिल्लेलची शाळा म्हणे की बायकोने अन्न करपवले तरी नवऱ्याला सूटपत्र देता येते. सूटपत्र देण्याचा अधिकार पुरुषाचा होता. म्हणजे प्रश्न विचारणारे पुरुष होते, टाकल्या जाणाऱ्या स्त्रिया होत्या, आणि प्रभूने त्यांना उत्पत्तीच्या आरंभाकडे नेऊन सांगितले की देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये. ही आज्ञा तोडणाऱ्याला उद्देशून आहे. मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकातील दुसऱ्या अध्यायात देव सूटपत्राचा तिटकारा करतो असे आपण नेहमी सांगतो, पण त्याच्या आधीच्या ओळींत तो कोणाशी बोलत आहे हे सांगत नाही: तारुण्यातील पत्नीशी विश्वासघात करणाऱ्या पुरुषांशी. आमच्या मंडळ्यांत ही वचने वर्षानुवर्षे टाकलेल्या बाईला ऐकवली जातात आणि टाकणारा पुरुष ती ऐकायला उपासनेत हजरही नसतो, हे मी सव्वीस वर्षे पाहत आलो आहे.

त्यानंतर आम्ही करिंथकरांस पहिले पत्र, सातवा अध्याय, दहाव्या वचनापासून सावकाश वाचला. ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल प्रथम म्हणतो की ही आज्ञा माझी नव्हे, प्रभूची आहे: पत्नीने पतीपासून वेगळे होऊ नये, आणि झालीच तर तिने तसेच राहावे किंवा पतीशी समेट करावा. दोन वचनांनंतर तो म्हणतो की आता प्रभू नव्हे, मी सांगतो. या दोन वाक्यांमधील अंतर मला फार महत्त्वाचे वाटते. प्रभूचे वचन त्याच्यासमोर होते, तरीही करिंथ येथे अशी एक परिस्थिती उभी राहिली होती जिच्याविषयी परूश्यांनी विचारलेच नव्हते: एक जण विश्वासी, दुसरा नाही, आणि तो दुसरा निघून जाऊ पाहतो. पंधराव्या वचनात पौल लिहितो की तो वेगळा होत असेल तर होवो, अशा प्रसंगी बंधू किंवा बहीण बांधलेली नाही. तेथील ग्रीक क्रियापदाचा अर्थ गुलामीत असणे असा आहे. एकोणचाळिसाव्या वचनात, नवरा जिवंत आहे तोवर पत्नी बांधलेली आहे असे म्हणताना, त्याने बांधण्याचे साधे क्रियापद वापरले आहे. ‘बांधलेली नाही’ म्हणजे केवळ सोबत राहण्यास बांधलेली नाही की पुन्हा लग्न करण्यासही मोकळी, यावर विद्वानांत मतभेद आहेत, म्हणून मी सारा भार त्या एका क्रियापदावर टाकला नाही. धर्मसुधारणेच्या परंपरेतील वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार या विश्वासाच्या लेखी जाहीरनाम्याने सतराव्या शतकात व्यभिचाराबरोबरच, मंडळी किंवा शासन ज्यावर काहीच उपाय करू शकत नाही अशा हेतुपुरस्सर परित्यागालाही विवाह विसर्जित होण्याचे कारण मानले, ते याच वचनाच्या आधारावर.

“पण तो अविश्वासी कुठे आहे?” काकांनी विचारले. “त्याचा बाप्तिस्मा आपल्या रजिस्टरात आहे.” ही अडचण खरी होती. मी तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील पाचव्या अध्यायाचे आठवे वचन दाखवले: जो स्वकीयांची, विशेषतः घरच्यांची तरतूद करत नाही, त्याने विश्वास नाकारला आहे आणि तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट आहे. मग मत्तयाचा अठरावा अध्याय. त्या अध्यायाप्रमाणे आम्ही आठ महिने चाललो होतो. आधी मी एकट्याने त्याला पत्र लिहिले, नंतर दोन वडीलजनांना घेऊन त्याच्या दारी गेलो, शेवटी मंडळीच्या वतीने पत्र पाठवले. दाराशी त्याने आम्हांला पाणी दिले, खुर्च्या दिल्या आणि सांगितले, “माझा त्या घराशी आता काही संबंध नाही. तिने तिचे पाहावे.” मंडळीचेही जो ऐकत नाही त्याला परका, म्हणजे विश्वासाबाहेरचा, मानावे असे प्रभूने त्याच अध्यायात सांगितले आहे.

काकांनी तेव्हा रेव्हरंड टिळकांचे नाव काढले. आमच्या जिल्ह्यात असा विषय निघाला की ते निघतेच. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या, आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी १८६६चा असा कायदा अस्तित्वात होता की, धर्मांतरामुळे जोडीदार सोडून गेला तर ख्रिस्ती झालेल्या माणसाला न्यायालयातून विवाह विसर्जित करून घेता येई. टिळक त्या वाटेने गेले नाहीत. “वाट पाहिली म्हणून घर परत उभे राहिले,” काका म्हणाले. मला हे उदाहरण फार प्रिय आहे आणि ते मी स्वतः किती तरी जोडप्यांना सांगितले आहे. परंतु त्या घरात नाते कोणी नाकारले नव्हते. येथे एक माणूस वाट पाहत होता आणि दुसऱ्याने दार लावून घेतले होते.

या टप्प्यावर आमच्या एकमेव स्त्री वडीलजन बोलल्या. त्या निवृत्त शिक्षिका आहेत आणि सभेत कमी बोलतात. त्यांच्या थोरल्या बहिणीला नवऱ्याने टाकले ते १९७०च्या दशकात. तेव्हा १८६९चा भारतीय घटस्फोट कायदा जुन्याच रूपात लागू होता: ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे, बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा परित्याग यांसारखी आणखी एक गोष्ट सिद्ध करावी लागे. नुसता परित्याग पुरत नसे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये ही विषमता दूर केली आणि २००१च्या दुरुस्तीने किमान दोन वर्षांचा परित्याग हे दोघांसाठी स्वतंत्र कारण झाले. तोवर त्यांची बहीण पन्नाशी ओलांडून गेली होती. “तिला कोणी विचारलेच नाही की तुला काय वाटते,” बाई म्हणाल्या. “आज निदान हिला आत बोलवा.”

सिस्टर बाहेरच्या व्हरांड्यात बसली होती. तिला आत बोलावून मी दोन-तीन औपचारिक प्रश्न विचारले, आणि मग एक असा प्रश्न विचारला जो खरे तर मी फार पूर्वीच विचारायला हवा होता. ती दर रविवारी उपासनेला येई, पण महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकरी आणि प्याला घेण्याच्या विधीच्या, आधी उठून जाई. रुग्णालयातील पाळीमुळे तिला जावे लागत असेल, असे मी मनाशी ठरवून टाकले होते. मी कारण विचारले. ती थोडा वेळ गप्प राहिली.

“पाळकसाहेब, नऊ वर्षांपूर्वी तुम्ही मत्तय एकोणीसवर संदेश दिला होता. घर तोडणाऱ्याने प्रभूच्या मेजाजवळ येताना विचार करावा, असे तुम्ही म्हणालात. मी त्याच आठवड्यात वकिलांना पहिल्यांदा भेटले होते. मला वाटले, ते माझ्यासाठीच आहे. अर्ज मग मी कितीतरी वर्षे केला नाही, पण मनात तर आणला होता.”

तो संदेश मला आठवत होता. तो मी मनापासून दिला होता आणि त्या दिवशी मला तो चांगला झाल्यासारखा वाटला होता. माझ्या डोळ्यांसमोर निघून गेलेले पुरुष होते. समोरच्या बाकांवर मात्र टाकलेल्या स्त्रिया बसल्या होत्या, आणि तोडणारा कोण हे शब्द मी उच्चारले नव्हते. नऊ वर्षे ही स्त्री माझ्या एका अपुऱ्या वाक्यामुळे भाकरी आणि प्याल्यापासून दूर राहिली होती. मी वडीलजनांसमोर तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, “तुम्ही वचनच वाचले होते, साहेब,” आणि त्या वाक्याने मला अधिकच जड वाटले, कारण वचन मी वाचले होते ते अर्धेच.

निर्णय पाच विरुद्ध एक असा झाला. नवऱ्याने विवाहकरार आपल्या कृतीने मोडला आहे, समेटासाठी मंडळीने केलेले प्रयत्न त्याने नाकारले आहेत, म्हणून ही बहीण बांधलेली नाही, असे आम्ही इतिवृत्तात लिहिले. काकांनी आपला विरोध कारणांसह नोंदवण्यास सांगितले आणि मी तो त्यांच्याच शब्दांत नोंदवला. पुढे कोणी सहज म्हणून घटस्फोट मागायला आला, तर ते पान त्याच्यासमोर ठेवता यावे असे मला वाटते. निघताना त्यांनी सिस्टरला सलाम केला आणि मुलीचे शिक्षण कसे चालले आहे ते विचारले.

सगळे गेल्यावर ती आणि मी १८७२च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखालील नोटीस भरायला बसलो. नाव, वय, व्यवसाय, राहण्याचे ठिकाण असे रकाने त्यात असतात आणि त्यांतच एक रकाना स्थितीचा असतो. तेथे बहुधा अविवाहित, विधवा किंवा विधुर एवढेच लिहावे लागते. ही नोटीस प्रार्थनामंदिराच्या दर्शनी भागी लागणार होती आणि सारे गाव ती वाचणार होते. माझी लेखणी थांबलेली पाहून तिने विचारले की काय अडले. मी म्हणालो की कायद्याला चालेल असा थोडा सौम्य शब्द मी शोधतो आहे.

“घटस्फोटित लिहा,” ती म्हणाली. “अक्षर मोठे काढा, लांबून वाचता आले पाहिजे.”

मी तसे लिहिले. मग तिने विचारले की उद्या महिन्याचा पहिला रविवार आहे ना, आणि आपली पाळी बदलून घेण्यासाठी ती तेथूनच रुग्णालयात फोन करू लागली.