कवाचे पैसे?

उसने दिलेले पैसे परत मागायला गेलं की आमच्या परभणीकडे उत्तराच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. आधी 'देतो की'. सुगीनंतर गेलात तर 'बघू'. आणि पोळ्याला तोच माणूस बैलाच्या शिंगाला रंग लावता लावता, मान वर न करता विचारतो, 'कवाचे पैसे?' त्यापेक्षा 'देत नाही, काय करायचं ते कर' म्हणणारा परवडला. त्यानं निदान घेतल्याचं तरी कबूल केलेलं असतं.

खरा नाकबूल माणूस 'नाही' म्हणतच नाही. हे काम मराठीनं तोंडाला न देता बाकीच्या अंगावर सोपवलंय. कानाडोळा करणाऱ्याला सगळं दिसलेलं असतं, ऐकूही आलेलं असतं. कानांवर हात ठेवणारा म्हणतो, मला मुळात खबरच नाही. काखा वर करणारा मला त्यातल्या त्यात बरा वाटतो. प्रकरण आहे हे तो मानतो, फक्त त्याच्याकडून काही निघणार नाही, घ्या झडती. मूग गिळून बसणाऱ्यांचं मात्र कोडं आहे. लातूरच्या बाजारात तुरीचे ढीग पडतात, पण गप्प बसायला मूगच लागतो. तूर गिळायची नाही, ती हातावर द्यायची आणि पसार व्हायचं.

वेड पांघरून जायचं म्हणीतलं पेडगाव तिकडं श्रीगोंद्याकडे, भीमेच्या काठी. पण आमच्या परभणीहून मानवत रोडकडे निघालं की पेडगाव नावाचं स्टेशन लागतं. म्हणजे आमच्या माणसाला वेड पांघरायचं झालं तर तिकीटही फार पडत नाही!

निजामाचं राज्य सप्टेंबर १९४८ मध्ये गेलं, बोलण्यातलं 'मालूम नाही' मागं राहिलं. 'माहीत नाही' म्हणताना माणूस जरा तरी ओशाळतो. 'मालूम नाही' छाती काढून म्हणता येतं. बांधावरून भांडण झालेल्या भावकीत तर तेवढंही बोलणं होत नाही. समोरून राम राम आला की गडी चप्पल झटकायला खाली वाकतो.

पण या सगळ्यांवर कडी करते ती सरकारी कचेरीची आवक-जावक खिडकी. अतिवृष्टीत सोयाबीन सडलं म्हणून मागच्या साली तिथं अर्ज दिला. 'ठेवून जा,' खिडकीतून आवाज आला. पोच मागितली, तर म्हणे शिक्का साहेबांच्या कपाटात, आणि साहेब दौऱ्यावर. ना हो, ना नाही. अर्ज दिला याला पुरावा नाही आणि घेतला नाही असंही कुणी म्हणत नाही.

माझ्यामागं धोतरातले एक मामा ओला सातबारा हातात धरून उभे होते. ते खिडकीत वाकून म्हणाले, "दौऱ्यावर हायेत तर मंग आमच्या रानात काऊन नाही आले?"

आतला पंख्याकडे बघू लागला.