चासी नंबर

एफवायबीएच्या पहिल्या तासाला मी विचारतोच, तत्त्वज्ञान का घेतलं? त्या वर्षी वर्गात तेवीस पोरं होती. बहुतेकांचं उत्तर एकच, "अर्थशास्त्र फुल झालं होतं, सर." एका मुलीला आजीने पाठवलं होतं, इथे प्रवचनं असतात म्हणून.

व्याख्या सांगायची नाही, हे ठरवूनच गेलो होतो. 'तत्त्वज्ञान म्हणजे सत्याचा शोध' असं फळ्यावर लिहिलं की पोरं ते उतरवून घेतात आणि वही मिटतात. म्हणून 'मिलिंदपञ्ह' हा पाली बौद्ध ग्रंथ काढला. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातला. भिक्षू नागसेन त्याला विचारतो, महाराज, कशातून आलात? रथातून. मग आस म्हणजे रथ का? चाकं? दांडी? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग रथ आहे कुठे?

"चासीत," मागच्या बाकावरून आवाज आला.

वर्ग हसला. पोरगं उभं राहिलं. नखांत काळं ऑइल, स्टँडसमोर वडिलांचं गॅरेज. "खरंच, सर. टाकी बदला, चाकं बदला, इंजिन बदला. इंजिनाची आरसीवर नोंद केली की झालं. पण सांगाड्यावरचा चासी नंबर तोच, तर गाडी तीच."

मी इतकी वर्षं हा रथ शिकवतोय. हे उत्तर कधी कुणी दिलं नव्हतं. प्रवचनवाली लगेच म्हणाली, "आणि चासीच कापून दुसरी जोडली तर?" त्याने मान खाजवली. "घरी विचारून सांगतो."

नागसेनाचं उत्तर मी सांगून टाकलं: रथ हे सुट्या भागांच्या जुळणीला दिलेलं नाव, आणि 'नागसेन' हेही तसंच, आत वेगळा कुणी बसलेला नाही. हे बोललो तसा वर्ग जरा गप्प झाला. हजेरी घ्यायची राहूनच गेली.

दुसऱ्या दिवशी तास सुरू व्हायच्या आधीच गॅरेजवाला पोरगा दारात.

"सर, पप्पा म्हणाले, चोरीच्या गाडीचा नंबर घासतात आणि वरून नवा मारतात. पण जुना नंबर मारताना धातू आतपर्यंत दबलेला असतो. पोलिसांची तपासणीवाली माणसं अॅसिड लावतात, की तो परत दिसायला लागतो."

"मग?"

"मग नुसतं नाव कसं म्हणायचं? आत काहीतरी राहतंच की. नागसेन चुकला ना, सर?"

त्या दिवशी मी सॉक्रेटिस घेऊन आलो होतो. तो पिशवीतच राहिला. फळ्यावर न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ असलेल्या न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाचा आरंभ मांडला. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शन मानणारे, नेमके याच बाजूने भांडतात: जी वस्तू डोळ्यांनी पाहिली तिलाच मी हाताने स्पर्श करतो, म्हणजे पाहणारा आणि स्पर्श करणारा कुणीतरी एकच असला पाहिजे, तो आत्मा.

प्रवचनवाली वहीतून मान वर न करता म्हणाली, "पण सर, त्याला अॅसिड कुठलं लावायचं?"