जस्ताचा माग काढताना

सिॲटलच्या दक्षिणेला केंट इथल्या एका गोदामात मी पर्यावरणाचं काम पाहतो. आवारातलं पावसाचं पाणी जाळीतून नाल्यात आणि पुढे ग्रीन नदीत जातं. या नदीत सॅल्मन येतात. इकडचं पाणी मृदू, म्हणजे कॅल्शियमसारखे क्षार कमी असलेलं, त्यामुळे तेवढंच जस्त माशांना जास्त बाधतं. वॉशिंग्टन राज्याच्या परवान्यानुसार दर तिमाहीला नमुना तपासावा लागतो. जस्त ११७ मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या आत हवं, तांबं १४ च्या. आकडा ओलांडला म्हणून लगेच दंड होत नाही, पण हातावर हात ठेवून बसलात तर परवान्याचा भंग.

आमचं जस्त काही केल्या खाली येईना. सगळ्यांचा संशय फोर्कलिफ्टच्या टायरांवर. रबरात झिंक ऑक्साइड असतंच, म्हणजे संशय अगदीच निराधार नव्हता. झाडलोट वाढवली, जाळ्यांत गाळणपिशव्या बसवल्या. आकडा जरासा हलला, इतकंच.

शेवटी मी प्रत्येक ठिकाणचं पाणी वेगळं घ्यायचं ठरवलं. धो धो पावसात पन्हळीच्या पाइपाखाली उभं राहायचं. बाटलीत आधीच नायट्रिक ॲसिडचे थेंब असतात, त्यामुळे ती विसळायची नाही आणि ओसंडूही द्यायची नाही. हे ऐकायला सोपं आहे. हातमोजे ओले झाले की कळतं. पन्हळीचं पाणी नितळ, पिऊन टाकावं असं. सगळ्यात वाईट आकडा त्याचाच आला! छपराचे पत्रे गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले, आणि पाऊस किंचित आम्लधर्मी, त्यामुळे जस्त विरघळूनच खाली येत होतं. विरघळलेल्याला पिशवी काय अडवणार?

छप्पर रंगवायचा खर्च ऐकून साहेब गप्प झाले. मग ग्रॅटिक्सचा पर्याय निघाला. ही याच राज्यातल्या व्हँकुव्हर बंदराची युक्ती (कॅनडातलं व्हँकुव्हर नव्हे). हजार लिटरची चौकोनी टाकी वरून कापायची, तळाला खडी, त्यावर वाळू-कंपोस्टचं मिश्रण, वर लाकडाच्या सालीचे तुकडे आणि चार झाडं. पन्हळीचं पाणी त्यातून झिरपतं आणि जस्त मातीला धरून राहतं. एक मात्र सांगतो, नव्या कंपोस्टमधून सुरुवातीला तांबं सुटू शकतं, म्हणून दोन्ही धातू तपासा. आमच्या लॅबचे लोक वैतागले, पण मी तपासायला लावलं.

सप्टेंबरनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात टाकीखालच्या नमुन्यातलं जस्त ११७ च्या खाली आलं. आवाराचं कुंपणही गॅल्व्हनाइज्डच आहे. आता त्याचं काय करायचं यावर साहेबांशी वाद चालू आहे.